मते मागायला येतील, तेव्हा शाळेचे विचारा

वाचकहो, निवडणूक जिल्हा परिषदेच्या गटाची असो, पंचायत समितीच्या गणाची असो की ग्रामपंचायतीची, आपल्या मुखेड तालुक्यात उमेदवार गावात शिरला की त्याची गाडी हमखास दोन ठिकाणी थांबते. एक मारुतीचा पार आणि दुसरी जिल्हा परिषदेची शाळा. पारावर हात जोडायचे आणि शाळेकडे बोट दाखवून सांगायचे, ‘‘या शाळेला कंपाउंड करून देतो, गेट करून देतो, दोन खोल्या वाढवून देतो.’’ टाळ्या पडतात. पुढे भिंत कधी होते, कधी अर्धीच होते. गेटवरचे नाव तेवढे ठसठशीत रंगवलेले असते.

भिंतीला आमचा विरोध नाही. भिंत नसली की दिवसा जनावरे शिरतात आणि रात्री पत्त्याचे डाव बसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण भिंत म्हटली की ठेका आला, मोजमाप पुस्तिका आली, बिल आले. चौथीतल्या लेकराला भागाकार आला तर त्याचे बिल कुठेच निघत नाही. म्हणून भागाकाराचा शब्द कोणी देत नाही, आणि आपणही मागत नाही. चूक एकट्या उमेदवाराची नव्हे, थोडी आपलीही आहे.

तुम्ही म्हणाल, शाळा सरकारची, मास्तर सरकारचा, पगार मुंबईहून. त्यात गटाचा सदस्य काय करणार? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गावच्या शाळांसाठी वेगळे मंडळ असते आणि त्या मंडळाची लोक स्वतंत्र निवडणूक घेतात. आपल्याकडे तशी वेगळी निवडणूक नाही, पण शाळा लोकांच्या हातात देण्याचा विचार आपल्याकडेही जुनाच आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे सोपवले गेले. जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, तिला सभापती असतो. आपल्या मराठवाड्याचे आणखी एक वेगळेपण आहे. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटले की खासगी संस्था डोळ्यापुढे येते. इकडे निजामी राजवटीत शिक्षण उर्दूतून, संस्था थोड्या आणि शाळा सरकारी. तो वारसा पुढे जिल्हा परिषदेकडे आला, म्हणून इकडे जिल्हा परिषदेची हायस्कुले आहेत, ज्यांना आपण प्रशाला म्हणतो. म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंतचे लेकरू जिल्हा परिषदेच्या हवाली. एवढा मोठा कारभार, आणि मते मागताना त्यावर पाच मिनिटेही बोलणे होत नाही!

त्यात २०१७ साली निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक वर्षानुवर्षे लांबली. कारभार प्रशासकाकडे गेला. शिक्षण समितीत उठून ‘‘आमच्या तांड्यावर मास्तर का नाही?’’ असे विचारणारे माणूसच उरले नाही. सदस्य असताना तरी किती जण विचारत होते, हा वेगळा विषय आहे.

आता एक गोष्ट आधीच साफ करून घेऊ. उमेदवार म्हणाला, ‘‘तुमच्या शाळेला मी मास्तर आणून देतो,’’ तर लगेच हुरळून जाऊ नका. पूर्वी सदस्याच्या चिठ्ठीवर बदल्या होत, हे खरे आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. भरती पवित्र पोर्टलवरून होते. म्हणजे मास्तर आणणे आता कोणा पुढाऱ्याच्या खिशात नाही. मग सदस्याच्या हातात काय आहे? रिकाम्या जागांचा हिशेब मागणे, अवघड वाडी-तांड्यावरची शाळा शून्यशिक्षकी होऊ न देणे, एखादा गुरुजी कागदावर इकडे आणि कामाला दुसरीकडे असेल तर त्याला परत शाळेवर आणणे, आणि दुरुस्तीचा पैसा खरोखर गळणाऱ्या खोलीवर खर्च करायला लावणे. ही कामे दिसायला बारीक आहेत. फोटो निघत नाही त्यांचा.

मास्तरांचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने एकदा समजून घ्यावा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० लेकरांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गाला किमान एक, आणि त्यात विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा या तिन्हींचा एकेक असावा. तुमच्या शाळेचा पट किती, गुरुजी किती, हे बोटांवर मोजता येते. पण १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतल्या जागांवर गदा आली. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर तिथली जागाच धोक्यात. त्या वर्षीच्या सप्टेंबरात राज्यभरातले शिक्षक यावरून रस्त्यावर उतरले होते. शिक्षक संघटनांचे सगळेच बरोबर असते असे नाही. पण या मुद्द्यावर त्यांचे आणि वाडीवरच्या आईबापांचे दुखणे एकच होते.

आपला तालुका बालाघाटाच्या माळावरचा. वाड्या आणि तांडे फार. मोठ्या गावची शाळा टिकेल, पण पंधरा-वीस लेकरांची तांड्यावरची शाळा कागदावर नेहमीच ‘परवडत नाही’. २०१७ च्या डिसेंबरात राज्यातल्या तेराशेच्या आसपास कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळेत हलवण्याचा निर्णय झाला. पुढे २०२३ मध्ये समूह शाळांची टूम निघाली. वीसच्या आतल्या शाळा मिटवायच्या आणि लेकरे गाडीने मोठ्या शाळेत न्यायची. कागदावर बरे दिसते. पण पावसाळ्यात ओढा भरला की गाडी अलीकडे आणि शाळा पलीकडे. पोरगा कसाही जाईल. सातवीतली पोर आईबाप पाठवत नाहीत, घरी बसवतात, आणि दोन वर्षांत तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते. कायदा सांगतो की पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. उमेदवाराला पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या वाडीची शाळा मिटवायचा कागद आला तर तुम्ही कोणत्या बाजूला उभे राहणार? उत्तर लिहून घेता आले तर लिहून घ्या.

पटाची गोष्ट निघाली म्हणून आपल्याच जिल्ह्याची एक आठवण करून देतो. २०११ साली नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी एकाच वेळी जिल्ह्यातल्या शाळांची पटपडताळणी केली. मतदानाला लावतात तशी शाई लेकरांच्या बोटाला लावली, म्हणजे तेच पोर सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत मोजले जाऊ नये. पोरे नाहीत, पण त्यांच्या नावाची तुकडी आहे, तुकडीचा मास्तर आहे, अनुदान आहे, खिचडीचा तांदूळ आहे, असा प्रकार उघडा पडला. मग ऑक्टोबर २०११ मध्ये सगळ्या राज्यात तशीच पडताळणी झाली आणि वीस लाखांच्या आसपास खोटी नावे निघाली. नांदेडने राज्याला हा धडा दिला. धडा देण्याची वेळ आपल्या जिल्ह्यावर का आली, हेही मनात असू द्या. खोट्या पटाने पैसा कोणाचा गेला? तांड्यावरच्या खऱ्या लेकराच्या वाट्याचा.

आता दुसरा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत मोठा. कोयत्याचा.

सोयाबीनची रास झाली, दसरा गेला की मुकादमाचा माणूस तांड्यावर चकरा मारू लागतो. उचल आधीच घेतलेली असते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात उसाच्या फडावर, तर कोणी वीटभट्टीवर किंवा हैदराबादला कामाला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लेकरे कुठे ठेवायची? म्हातारी धडधाकट असेल तर तिच्यापाशी. नसेल तर गाडीत भांड्याकुंड्यांबरोबर लेकरेही बसतात. फडावर कोपी पडते, पहाटे आईबाप तोडीला जातात, आणि आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर राखण करते. मार्च-एप्रिलला टोळी परत येते. तोवर इकडे वर्ग अर्ध्याच्या पुढे गेलेला असतो. पोर परत येऊन बसते तेव्हा फळ्यावरचे तिला काहीच उमजत नाही. एक वर्ष तसे, दुसरे तसे. तिसऱ्या वर्षी ती येतच नाही. हजेरीपटावर नाव मात्र असते.

हे काही नशिबाचे भोग नव्हेत. शिक्षण हक्क कायद्याच्या ९ व्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या लेकरांना शाळेत दाखल करून घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले आहे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, म्हणजे ज्या खुर्च्यांसाठी मते मागितली जातात त्याच. जाणाऱ्या लेकराबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते, म्हणजे तिकडच्या शाळेने दाखल्यासाठी अडवू नये. आणि लेकराला गावातच ठेवायचे तर हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप बाहेर असतील तेवढे महिने दोन वेळचे जेवण शाळेच्या व्यवस्थेत, झोपायला आजीकडे किंवा चुलत्याकडे. योजना चांगली आहे. खोट कुठे आहे तर वेळेत. टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास हलतात आणि मंजुरीचा कागद त्यानंतर महिना-दीड महिन्याने येतो. तोवर पोर फडावर पोहोचलेली असते. मुकादमाची उचल वेळेवर येते, सरकारची खिचडी उशिरा!

म्हणून ग्रामसेवक, सरपंच आणि केंद्रप्रमुख मंडळींना आमची विनंती आहे. जाणाऱ्या कुटुंबांची यादी पोळ्यानंतर लगेच करा. कोण जाणार हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. किराणा दुकानदाराला तर उधारीमुळे नावानिशी ठाऊक असते. यादी सप्टेंबरात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली तर प्रस्ताव हलतो. आणि उमेदवाराला विचारा: माझ्या गटातले एकही लेकरू फडावर जाणार नाही, यासाठी दसऱ्याच्या आत तुम्ही काय करणार? भिंतीच्या आश्वासनापेक्षा हा शब्द अवघड आहे. म्हणूनच तो मागायचा.

तिसरी गोष्ट वाचनाची. यासाठी कोणा तज्ज्ञाला बोलवायची गरज नाही. संध्याकाळी आपल्या चौथीतल्या लेकराला जवळ बसवा आणि दुसरीच्या पुस्तकातले एक पान वाचायला सांगा. अडखळत का होईना वाचले तर ठीक. वाचता येत नसेल तर रागावू नका, आणि सकाळी उठून मास्तरांवर धावूनही जाऊ नका. दोन मास्तर आणि चार वर्ग, वर माहिती भरायचे मोबाइल, खिचडीचा हिशेब, मतदार याद्या. कायद्याने शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ही तीनच बिगरशैक्षणिक कामे देता येतात. प्रत्यक्षात त्यांच्या मागे किती शेपटे लागलेली असतात हे शाळेत तासभर बसलात तर दिसेल. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावे आणि साधा हिशेब करता यावा, हे निपुण भारत अभियानाचे ध्येय २०२१ साली ठरले आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत धरली गेली. तुमच्या शाळेत तिसरीची किती लेकरे वाचतात हा आकडा मुख्याध्यापकांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उमेदवारालाही विचारा. बहुतेकांना माहीत नसेल. माहीत करून घ्यायला आठ दिवस द्या.

इथे थोडे आडवळणाने बोलतो. आपल्याकडे दहावी झाली की पोराला लातूरला टाकायचे वेड आहे. लातूर पॅटर्नने अनेकांची पोरे डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण क्लासची फी, खोलीचे भाडे, मेसचे पैसे यात एकराचा तुकडा जातो. ज्या पोराचा पाया पाचवीतच कच्चा राहिला त्याला अकरावीत लाखभर रुपये घालून काय मिळणार? पेरणीच वेळेवर झाली नाही तर काढणीच्या वेळी खत टाकून कणीस भरत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गावच्या शाळेसाठी मात्र आपण तासभर काढत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी झाले. शाळा जिल्हा परिषदेचीच, लेकरे वाडीचीच. अर्थात प्रत्येक गावाला डिसले गुरुजी मिळणार नाहीत. साधे, वेळेवर येणारे, शिकवणारे गुरुजी पुरेसे आहेत, आणि ते आपल्या तालुक्यात आहेतही.

पाणी आणि संडास यांवर फार लिहीत नाही. मुलींसाठी वेगळा संडास आणि पिण्याचे पाणी ही कायद्यातली सक्तीची बाब आहे. संडास असतो, पाणी नसते, म्हणून कुलूप असते. समग्र शिक्षातून शाळेला पटाप्रमाणे अनुदान देण्याचा निकष आहे. ३० ते १०० पटाला वर्षाला २५ हजार, १०० ते २५० ला ५० हजार. त्यातला काही भाग स्वच्छतेवरच खर्चायचा असतो. किती आले आणि कुठे गेले, एवढे विचारा. राहिलेले ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बसवता येते. नळाची एक जोडणी गावाला जड नाही.

सीमेवरच्या गावांचा प्रश्न मात्र निराळा आहे. घरात कोणी कानडी बोलते, कोणी तेलुगू, तांड्यावर गोरमाटी. लेकरू पहिलीत येते आणि गुरुजींची पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसते. त्याला ‘मंद’ ठरवू नका. तांड्यावरची शिकलेली एखादी सून वर्षभर पहिलीच्या वर्गात मदतीला बसली तर किती फरक पडेल!

लेंडी धरणाच्या परिसरातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये एका रात्रीत पाणी वाढले आणि हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगोली या गावांत शिरले. माणसे गेली, जनावरे गेली. त्या गावांच्या दुःखावर या लेखात दोन ओळी लिहून भागणार नाही. पण शाळेपुरते एवढे म्हणू. प्रकल्पग्रस्तांच्या नव्या गावठाणात ज्या नागरी सुविधा द्यायच्या असतात त्यांत शाळा आहे. घरांचा मावेजा हा भांडणाचा विषय होतो, व्हायलाच हवा. शाळेचे मात्र ‘नंतर बघू’ होते. गाव हलते आणि दोन वर्षे लेकरे कुठेच शिकत नाहीत. तिथे मते मागणाऱ्याने नव्या गावठाणातली शाळा आधी उभी करण्याचा शब्द द्यावा. शाळा सुरू झाली की आईबाप नव्या जागी राहायला येतात, हाही अनुभव आहे.

हे सगळे विचारायचे, पण विचारणारे कोण? वाचकहो, इथे गाडी आपल्या दारात येते. प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या लेकरांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी, आणि अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा. मुख्याध्यापक सचिव असतात. बैठक महिन्याला. ही समिती पालकसभेतून निवडायची असते. प्रत्यक्षात काय होते? पालकसभेला दहा-पंधरा जण येतात, सरपंचाच्या मर्जीतला अध्यक्ष होतो, महिला सदस्यांच्या सह्या घरपोच घेतल्या जातात. सही करणाऱ्या बाईला आपण सदस्य आहोत हे शिक्का बघून कळते! तांड्यावरचे नाव यादीत असते, माणूस फडावर.

ही समिती नावापुरती नाही. २०२४ मध्ये सरकारने गणवेशाचे कापड वरूनच पुरवायचे ठरवले. कुठे शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी गणवेश नाही, कुठे मापाचा पत्ता नाही. शेवटी त्या वर्षाच्या डिसेंबरात निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षीपासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा समितीकडे दिले. गावातल्या पोराचे माप गावातल्या शिंप्यालाच ठाऊक, एवढी साधी गोष्ट कळायला एक वर्ष गेले.

समितीचे सर्वांत मोठे काम शाळेचा विकास आराखडा करणे हे आहे. तीन वर्षांचा आराखडा, दरवर्षी किती लेकरे, किती शिक्षक, कोणती खोली, किती पैसा. त्याच्या आधारावरच वरून मागणी करता येते. तुमच्या शाळेचा आराखडा मुख्याध्यापकांकडे मागा. असेल तर वाचा. त्यात हंगामी वसतिगृह आहे का, तिसरीच्या वाचनाचे काही आहे का, की नुसतेच कंपाउंड आहे, ते बघा. उमेदवार आला की तोच कागद त्याच्या पुढे ठेवा आणि यातले काय करणार ते विचारा. नवे काही सुचवायची त्याला गरजच पडणार नाही.

हा आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार व्हायला हवा. बहुतेक ठिकाणी पालकसभा त्याच सुमारास घेतात, तेव्हा निम्मे आईबाप फडावर असतात. यंदा ती दसऱ्याच्या आधी घ्या, संध्याकाळी सातनंतर, आणि दवंडी तांड्यावरही द्या.